निरंतर उत्पन्न

"लेक असावी तर अशी. आन् ती मागं पिशवी घिऊन बसलीय ती कोण गं? भाची का काय?"

कचेरीच्या व्हरांड्यात माझ्या शेजारच्या बाईने पलीकडच्या बाईला हे हळूच विचारलं. पण हळू बोलायची तिला सवय नसावी. पिशवी घेऊन बसलेली म्हणजे मी. आणि जिला ती लेक म्हणत होती ती आमच्या शेजारच्या खोलीत राहणारी मुलगी. ती माझ्या आईच्या कमरेला हात घालून तिला खिडकीपाशी नेत होती आणि आतल्या कारकुनाला सांगत होती, "भाऊसाहेब, मावशीला उभं राहवत नाय. काय विचारायचं ते बसवून विचारा की." भाऊसाहेबांनी मान वर करून पाहिलं आणि खरोखर आतून एक स्टूल बाहेर आलं.

लेक मी आहे, असं त्या बाईला सांगायला हवं होतं. मी पिशवीची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

तेव्हा आईच्या अंगावरून वारं जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. ती एका मेसमध्ये पोळ्या करायची. सकाळी कणीक मळता मळता तिचा उजवा हात परातीतच राहिला, आणि तो कोणाचा आहे हे तिला कळेना, असं तिच्याबरोबरच्या बायकांनी नंतर सांगितलं. हात गेला, पाय ओढत चालण्याइतका राहिला, आणि बोलणं तोंडातल्या तोंडात वळायला लागलं. माझी शाळा, युनिफॉर्मपासून गॅदरिंगच्या ड्रेसपर्यंत, त्या हातावर झाली होती. इंग्लिश मीडियम. कर्जतच्या दहिवलीतल्या आमच्या चाळीत तेव्हा तशी मी एकटीच होते. बाबा दुसऱ्याचा टेंपो चालवायचे. आता घर त्यावरच होतं.

अपंगत्वाचा दाखला मिळाला की निराधार योजनेतून दरमहा पेन्शन लागतं, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. पण झटक्यानंतर सहा महिने तपासणीच होत नाही, कारण तेवढ्यात हात सुधारू शकतो. हात सुधारला नाही. मग ऑनलाइन नोंदणी झाली, मग अलिबागची तारीख मिळाली, ती पुढे गेली. दुसऱ्या तारखेला आम्ही पेणला एसटी बदलून गेलो आणि आईला अर्धा दिवस बाकावर बसवून परत आणलं. दाखला आल्यावर बाबांनी अर्ज खालापूरला दिला, कारण आधी आम्ही तिकडे राहायचो आणि आईच्या आधार कार्डावर तिथलाच पत्ता होता. चार महिन्यांनी तिथून सांगितलं की आता तुम्ही कर्जतला राहता, तर अर्ज कर्जतला द्या. म्हणजे पुन्हा कोरा फॉर्म. तो घ्यायला आम्ही त्या दिवशी आलो होतो.

शेजारची मुलगी बरोबर आली, कारण तिला हे सगळं येत होतं. ती कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. तिथे बसून ती लोकांचे अर्ज भरून द्यायची. तिची माणसं मूळची वर ठाकुरवाडीकडच्या पाड्यावरची. तिचे वडील झाडावरून पडले आणि कमरेखाली अधू झाले, म्हणून ते सगळे खाली राहायला आले होते. वडिलांचं पेन्शन तिने स्वतः धावपळ करून लावून घेतलं होतं. दर महिन्याला ती त्यांना पाठुंगळीला घेतल्यासारखं उचलून रिक्षात बसवून बँकेत न्यायची, आणि मला ते खिडकीतून दिसायचं. त्यांचं झालं. आमचं होत नव्हतं.

पण मला तिच्याविषयी जे वाटायचं ते पेन्शनमुळे नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

एक दुपार सांगते. आई पलंगावरून म्हणाली, "दावा." मी धावत जाऊन गोळ्यांचा डबा आणला. आईने डोकं हलवलं. "दावा, दावा." मी पाणी आणलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, तसं येतं तिला आता, चिडली की. तेवढ्यात शेजारची मुलगी दारातून आत आली, तिने एकदा आईकडे पाहिलं आणि मागे वळून दार लावलं.

"ए मॅडम," ती मला म्हणाली, "तुझ्या आईला वारा लागतोय. गोळ्या काय देतेस?"

दावा म्हणजे दार लाव. आई हसायला लागली, तिच्या त्या एका बाजूच्या हसण्याने, आणि तीही हसली. मी गोळ्यांचा डबा जागेवर ठेवायला आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले.

ती आईचे केस विंचरायची. आई तिच्यासाठी सुकटीची वाटी झाकून ठेवायला लावायची, मला. ती बोलायला लागली की आई तिच्या तोंडाकडे पाहत राहायची, जसं मी लहानपणी शाळेतली इंग्लिश कविता म्हणताना माझ्याकडे पाहायची. मला वाटायचं, ही माझ्या आईशी बोलते तेव्हा माझीच भाषा बोलते, आणि मीच ती विसरून बसलेय. घरात मी मराठीच बोलते. पण चार वाक्यांच्या पलीकडे गेलं की मला आधी मनात जुळवावं लागतं. ती हाय-नाय करत सरळ आत शिरायची.

फॉर्म तीच भरणार होती. तिचं अक्षर गोल, ठसठशीत, आश्रमशाळेत पाटीवर घोटलेलं. आईने तिला डाव्या हाताने खूण करून फॉर्म दिला तेव्हा मी तिथेच होते. तिने पहिलं पान भरलं. नाव, पत्ता, दाखल्याचा नंबर. तोवर आईचा डोळा लागला होता. तेवढ्यात दुकानातून तिला फोन आला.

"दुसरं पान मी भरते," मी म्हणाले.

ती थांबली. मी स्वतःहून काही बोलले याचंच तिला नवल वाटलं असावं. चप्पल घालता घालता म्हणाली, "भर की. सोपं हाय. जिथं काय नाय तिथं निरंक लिव. रिकामं सोडू नको, आन् शून्य पण लिवू नको."

मी मान डोलावली.

निरंक. हा शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता. ती अजून पायऱ्या उतरत होती. हाक मारून विचारता आलं असतं. फोनवर शोधता आलं असतं. आई झोपली होती. मी पेन हातात घेऊन बसले आणि ठरवलं की असा शब्दच नाही. ती आहेचं हाय करते, नाहीचं नाय करते, तसा हाही तिने मधूनच तोडला असणार. निरंतर, असा शब्द मला माहीत होता. आठवीच्या मराठीच्या पुस्तकात शब्दार्थांमध्ये होता, निरंतर म्हणजे नेहमी, सतत. सरकारी कागदात त्याचा अर्थ 'नेहमीप्रमाणे' किंवा 'पूर्वीसारखंच' असा काहीतरी असेल. म्हणजे मी तिचा शब्द दुरुस्त केला. आणि दुरुस्त करताना मला बरं वाटलं, हे मी लपवणार नाही.

अर्जदाराच्या नावे शेतजमीन: निरंतर. अन्य मार्गाने मिळणारे उत्पन्न: निरंतर. इतर शासकीय योजनांचा लाभ: निरंतर.

दोन्ही पानं मी स्टेपल केली. संध्याकाळी ती आली, पिशवीतून फॉर्म घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी देऊन पोचपावती आणली. आत काय लिहिलंय हे तिने उलटून पाहिलं नाही. माझ्यावर विश्वास म्हणून, की घाईत, मला माहीत नाही.

त्यानंतर थांबणं. तलाठी चौकशीला येणार होते ते दोन महिन्यांनी आले. आईचा अंगठा हवा होता आणि बाईमाणसाचा उजवाच लागतो म्हणाले. शेजारच्या मुलीनेच आईचा लुळा हात उचलला, अंगठा शाईत टेकवला, कागदावर फिरवला आणि मग आईच्याच पदराने पुसला. पेन्शन मंजूर करणाऱ्या समितीची बैठक लागणार होती, तर निवडणुका आल्या. आचारसंहिता. आचारसंहिता उठली तर समितीच नवी व्हायची होती. आई दर सोमवारी विचारायची, "आ... लं?" मी म्हणायचे, नाही अजून. शेजारची म्हणायची, "येतंय मावशी, वाटेत हाय, पळसदरीपर्यंत आलंय." आई हसायची. मला ते सुचायचं नाही.

अर्ज नामंजूर झाल्याचा कागद आला तेव्हा झटक्याला दोन वर्षं होत आली होती. अर्जदाराने अन्य मार्गाने निरंतर उत्पन्न असल्याचे स्वतः नमूद केले असल्याने, असं त्यात होतं. बाबांनी तो दोनदा वाचला. आम्ही चौघं कचेरीत गेलो. भाऊसाहेबांनी फाइल काढून दुसरं पान उघडलं आणि आमच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"जमीन निरंतर, उत्पन्न निरंतर, योजनांचा लाभ निरंतर! बाई, राजवाडा कुठाय तुमचा? आम्हीच अर्ज करतो तुमच्याकडे." मागे कोणीतरी हसलं. "तिथं निरंक लिहितात हो. काही नाही म्हणजे निरंक. कोणी भरलाय हा?"

काही नाही म्हणजे निरंक. मी शेजारच्या मुलीकडे पाहिलं नाही. ती पुढे होऊन पान बघत होती. तिला पहिल्याच ओळीला कळलं असणार.

"आमच्याकडनं चुकलं, भाऊसाहेब," ती म्हणाली.

आमच्याकडून. मला तिथे वाव होता. मी पिशवीची चेन ओढली.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "आश्रमशाळेतली पोर. तिच्या हातात कागद दिला ही आपली चूक. घरात इंग्लिश मीडियमची मुलगी असताना." माझ्याकडे पाहून ते हे अभिमानाने म्हणाले. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. दुसऱ्या दिवशी शेजारची मुलगी फणी घेऊन आली तेव्हा आईने डोळे मिटून घेतले. तिने फणी कोनाड्यात ठेवली आणि ती गेली. मग तिचं येणं थांबलं.

मला हवं होतं ते मिळालं होतं. हे लिहायला मला वेळ लागतोय, पण ते तसंच होतं. सव्वादोन महिने आई माझी एकटीची होती. मी तिची वेणी घालायला शिकले. आधी सैल पडायची, मग जमली. एका सकाळी ती काहीतरी म्हणाली आणि मला पहिल्यांदाच समजलं: खिडकीतल्या कोथिंबिरीला पाणी घाल. मी पाणी घातलं आणि ती माझ्याकडे बघून हसली. मी त्या दिवशी कॉलेजला गेलेच नाही. सुकटीची वाटी आता झाकून ठेवायची नव्हती. पलीकडच्या खोलीतून तिचं तिच्या वडिलांशी बोलणं ऐकू यायचं, आणि आई तेव्हा रेडिओ मोठा करायला सांगायची, हे मला आवडायचं.

एक दिवस नळावर ती माझ्या मागे उभी होती. मी माझी बादली भरत होते.

"अपिलाची मुदत जाईल, मॅडम," ती म्हणाली. "कागद हातात पडला त्या दिसापासनं मोजतात. प्रांताकडं करायचं असतं. बाबांना ठावं हाय का?"

मी म्हटलं, बघते.

"बघू नको, कर. आमच्या आबाचं तीन वर्सं चाललं व्हतं. पैल्यांदा मी रिकामं सोडलं, परत आलं. दुसऱ्यांदा शून्य लिवलं, तरी परत. मग एका बाईनं निरंक शिकवलं."

तीन वर्षं. त्यांचं एका झटक्यात झालं असं मी धरून चालले होते. मी कधी विचारलंच नव्हतं. यावर मला तिची कीव यायला हवी होती. मला वाटलं ते हे, की तिने तो शब्द तीन वर्षं हेलपाटे घालून कमावला आणि चप्पल घालता घालता मला देऊन टाकला, आणि मला तो फुकटसुद्धा घेता आला नाही.

"ते पान..." मी म्हणाले.

"तुझं अक्षर मला वळखू येत नाय असं वाटलं का तुला? वेलांटी काढतेस ती इंग्लिशच्या एफसारखी दिसते." तिने माझी भरलेली बादली बाजूला सरकवली आणि आपली लावली.

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"मी का सांगू?" ती म्हणाली. "आई तुझी हाय."

तिने अपिलाचा मजकूर एका झेरॉक्सच्या पाठीवर लिहून दाराखालून आत सरकवला. मी तो चांगल्या कागदावर उतरवून काढला. एकही शब्द बदलला नाही. 'अर्ज भरताना अनवधानाने चुकीचा शब्द लिहिला गेला' असं तिने लिहिलं होतं. कोणाकडून, ते नव्हतं. बाबांनी वाचलं आणि म्हणाले, "आता बघ कसं लिहिलंय. शोभतेस." आईने डाव्या हाताने माझ्या गालावर थोपटलं. मी तेव्हाही बोलले नाही. संध्याकाळी बोलू, मग सुनावणीची तारीख आली की बोलू, असं मी ठरवत गेले. तारीख यायला पाच महिने लागले आणि मला ते फार वाटले नाहीत.

सुनावणीच्या दिवशी बाबांना टेंपोवरून सुटी मिळाली नाही. मी आणि आई रिक्षाने गेलो. कचेरीच्या दारात ती उभी होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. पायऱ्यांना कठडा नव्हता. तिने आईचा एक दंड धरला, मी दुसरा. आईने तिच्याकडचा हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, पण तो उजवा हात होता, त्यामुळे काही झालं नाही. आम्ही तिघी तशाच वर गेलो.

आत प्रांतसाहेबांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली कुठल्यातरी मुलीचा शाळेतला फोटो. साहेब चांगले होते. त्यांनी आईला आधी पाणी विचारलं. मग फाइल चाळली, दाखला पाहिला, आईचा हात पाहिला, दुसरं पान वाचलं. हसले नाहीत.

"चूक उघड आहे," ते म्हणाले. "फेरचौकशी लावतो. तलाठ्यांचा अहवाल आला की पुढच्या बैठकीत ठेवतील. वेळ लागेल, पण होईल." त्यांनी काहीतरी लिहिलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, "पण हे भरलं कोणी? एका शब्दापायी या बाईंचं वर्ष गेलं."

आईने डावा हात उचलला. तिच्या दोन बाजूंना आम्ही दोघी होतो, शेजारची मुलगी एका बाजूला, मी दुसऱ्या. आईचं बोट त्या मुलीकडे गेलं.

"हिनं," आई म्हणाली.

अडीच वर्षांत मी आईच्या तोंडून इतका स्वच्छ शब्द ऐकला नव्हता.

साहेबांनी मुलीकडे नीट पाहिलं. "तुम्ही समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसता ना? लोकांचे अर्ज भरता?"

"हो साहेब."

"रोज किती?"

"धा-बारा व्हतात."

"मग उद्यापासून भरू नका. मी दुकानदाराला बोलावून सांगतो. झेरॉक्स काढा, लॅमिनेशन करा, पण लिहायचं काम नको. तुमच्या लक्षात येत नाही, इथे येणारी माणसं आधीच मोडलेली असतात. त्यांना वर्षभर मागे ढकलायचा कोणाला हक्क नाही."

हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं, आणि ते सगळं खरं होतं, माझ्याविषयी.

ती काचेखालच्या फोटोकडे बघत होती. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. तिच्या बोटांवर शाईचे निळे डाग होते. ती "बरं साहेब" म्हणाली आणि आईची पिशवी उचलायला वाकली, जणू आता निघायचं.

आईचा चेहरा माझ्याकडे होता, समाधानाचा. एका बाजूने हसू फुटत होतं. हे हसू माझ्यासाठी होतं, अडीच वर्षं मी ज्यासाठी जळले होते ते, आणि मी आता बोलले की ते जाणार होतं. मला वाक्य आधी मनात जुळवायचं होतं. ते जुळेना. साहेबांनी पुढच्या माणसाला आत पाठवायला बेल वाजवली.

"साहेब, थांबा," मी म्हणाले. माझा आवाज खोलीत फार मोठा आला. "मी यांची मुलगी. दुसरं पान माझ्या अक्षरात आहे. हिने मला निरंक सांगितलं होतं. मला वाटलं हिला मराठी येत नाही."